शाळेच्या लॅबसाठी स्क्विड, सोर्सपासून

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एक मराठी शाळा आहे. तिच्या कॉम्प्युटर लॅबचं काम माझ्याकडे असतं, दुकान माझं बेळगावात, शहापूरला. लॅबमध्ये १२ मशीन, सगळी जुनी, सगळ्यांवर डेबियन १२ हे लिनक्स. पावसाळ्यात त्या रस्त्यावर झाड आडवं झालं की फायबर तुटते, आणि जोडणारा येईपर्यंत लॅब डोंगलवर चालते. डोंगलच्या डेटाला रोजची मर्यादा. त्यात फायरफॉक्सचं अपडेट आलं की साठेक एमबीची तीच एक फाइल १२ मशीन १२ वेळा उतरवून घेतात, आणि दुपारच्या सुट्टीपर्यंत डेटा खलास. यासाठी मी तिथे एका मशीनवर स्क्विड बसवलाय. हा प्रॉक्सी, म्हणजे लॅब आणि इंटरनेट यांच्या मधे बसणारा प्रोग्राम. फाइल पहिल्यांदा येते ती त्याच्याकडे राहते, बाकीची ११ मशीन ती त्याच्याकडून घेतात.

स्क्विड हा जुना गडी. हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातून तो निघाला, पहिली आवृत्ती १९९६ ची. जीपीएल परवाना, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, नेहमीचा पोर्ट ३१२८. तो कॅश करतो, म्हणजे आलेली फाइल साठवून ठेवतो, कोण कुठे जाऊ शकतो ते ठरवतो, आणि वेगाला लगाम घालतो. या तीन कामांपलीकडे शाळेला काही लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण प्रत्येक हेडमास्तर हेच विचारतात. प्रॉक्सी बसवला म्हणून यूट्यूब पळायला लागणार नाही. आजचा जवळजवळ सगळा वेब एचटीटीपीएसवर आहे. त्यात ब्राउझर स्क्विडला एवढंच सांगतो की अमुक साइटपर्यंत बोगदा काढून दे, आणि बोगद्यातून काय गेलं ते स्क्विडला दिसत नाही, त्यामुळे साठवताही येत नाही. फायदा होतो तो डेबियन आणि उबंटूच्या पॅकेजांना, कारण ती आजही साध्या एचटीटीपीवरून येतात. खरेपणाची खात्री सहीवरून होते, म्हणून तसं चालतं.

बांधायचंच कशाला?

सोर्स म्हणजे प्रोग्रामचा मूळ कोड, आणि बांधणं म्हणजे त्यावरून चालणारा प्रोग्राम स्वतः तयार करणं. बहुतेकांनी बांधू नये. डेबियन १२ मध्ये स्क्विड ५.७ तयार मिळतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या डेबियनवाले मागून लावत राहतात, आणि तुम्हाला काही बघावं लागत नाही. सोर्सपासून बांधलात की ती जबाबदारी तुमची. अपडेट आपोआप येणार नाही, कुणी आठवण करणार नाही. स्क्विडच्या घोषणांची मेलिंग लिस्ट घेऊन दर महिन्याला डोळ्यांखालून घालायची तयारी नसेल तर इथेच थांबा आणि तयार पॅकेज टाका. खालचं कॉन्फिगरेशन त्यालाही चालतं.

मी बांधतो त्याला कारण आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात एका सुरक्षा-संशोधकाने स्क्विडमधल्या ५५ त्रुटींची यादी जाहीर केली. तपासणी २०२१ ची होती, आणि त्यातल्या बऱ्याच तोवर दुरुस्त झालेल्या नव्हत्या. मी यादी वाचली तेव्हा दिसलं की यातले कितीतरी भाग शाळेत कधी वापरलेच जाणार नाहीत: ईएसआय (पानाचे तुकडे जोडण्याची सोय), पासवर्ड-तपासणीचे प्रकार, गोफर नावाची जुनी पद्धत. तयार पॅकेज सगळ्यांसाठी असतं, म्हणून त्यात सगळं भरलेलं असतं. स्वतः बांधताना नको ते भाग आतच घ्यायचे नाहीत. मला सोर्सचा एवढाच फायदा वाटतो. वेग वाढतो वगैरे ऐकलं असेल, तर १२ मशीनच्या लॅबमध्ये तो फरक कुणाला कळणार नाही.

आणखी एक. लॅब सांभाळणाऱ्या बाईंना मी हे सगळं फोनवरून सांगतो, तेव्हा आज्ञा बोलूनच सांगाव्या लागतात. इथेही तशाच उच्चारून लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या. कुठे मोठी अक्षरं लागली तर तसं सांगेन.

सामान

डेबियन १२ किंवा त्यानंतरचं काही असेल तर कंपायलरची, म्हणजे कोडवरून प्रोग्राम बनवणाऱ्याची, चिंता नाही. स्क्विड ६ ला सी प्लस प्लस १७ समजणारा कंपायलर लागतो, आणि डेबियन १२ मध्ये जीसीसी १२ आहे. कुणाकडे अजून उबंटू १६.०४ चालू असेल तर त्यावरचा जीसीसी ५ पुरणार नाही, तिथे डोकं फोडून घेऊ नका.

अ‍ॅप्ट इन्स्टॉलने एवढं घ्या: बिल्ड डॅश इसेन्शियल, पीकेजी डॅश कॉन्फिग, लिबएलटीडीएल डॅश डेव्ह आणि एक्सझेड डॅश युटिल्स. तपासणीसाठी जीएनयूपीजी आणि कर्ल. बस्स. इंटरनेटवर वीस-पंचवीस लायब्रऱ्यांच्या लांबलचक याद्या सापडतील. त्या सगळी वैशिष्ट्यं चालू करणाऱ्यांसाठी आहेत.

आधी डेबियनचा स्क्विड बसलेला असेल तर अ‍ॅप्ट पर्ज स्क्विड करून काढा, नाहीतर दोघं ३१२८ वर भांडतील. त्याच्या कॉन्फिगरेशनची प्रत हवी असेल तर आधी बाजूला ठेवा, पर्ज तीही नेतो.

सोर्स कुठला घ्यायचा

स्क्विडच्या अधिकृत साइटवरून जा, ती गिटहबवरच्या रिलीज पानावर नेईल. माझ्या उदाहरणात ६.१३ आहे, तुम्ही ज्या दिवशी कराल त्या दिवशीची नवी स्थिर आवृत्ती घ्या. गिटहबच्या त्या पानावर खाली 'सोर्स कोड' अशा नावाच्या दोन फाइली आपोआप आलेल्या असतात. त्या घेऊ नका. त्यांत कॉन्फिगर ही स्क्रिप्टच नसते, ती बूटस्ट्रॅप चालवून, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक आणि लिबटूल बसवून तयार करावी लागते. व्हीटीयूच्या, म्हणजे इथल्या तांत्रिक विद्यापीठाच्या, कॉलेजातली पोरं प्रोजेक्टसाठी दुकानात येतात, त्यांच्यातला प्रत्येक दुसरा तीच फाइल घेऊन आलेला असतो आणि म्हणतो, "दादा, कॉन्फिगर हुडकून मिळेना." आपल्याला हवी ती फाइल स्क्विड डॅश ६.१३ डॉट टार डॉट एक्सझेड, आणि तिच्या शेजारची त्याच नावाची डॉट एएससी, म्हणजे सही.

स्क्विडवाल्यांची सार्वजनिक किल्ली त्यांच्या साइटवरून उतरवून जीपीजी डॅश डॅश इम्पोर्ट करा, मग जीपीजी डॅश डॅश व्हेरिफाय, पुढे आधी एएससी फाइल, मग टार फाइल. 'गुड सिग्नेचर' दिसलं की झालं. त्याखाली ही किल्ली प्रमाणित नाही असा इशारा येतो, त्याने घाबरू नका. तुम्ही त्या किल्लीवर स्वतः विश्वास नोंदवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'बॅड सिग्नेचर' आलं तर मात्र फाइल पुसा आणि पुन्हा उतरवा.

टार डॅश एक्सएफ करून उघडा आणि त्या फोल्डरमध्ये जा.

कॉन्फिगर

सगळं डोकं इथे लावायचं, पुढचं काम मशीनचं आहे. मी ही ओळ टर्मिनलवर थेट टाइप करत नाही. बांध डॉट एसएच नावाच्या एका छोट्या फाइलीत लिहितो आणि ती फाइल चालवतो. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की फक्त आकडा बदलायचा.

सुरुवात डॉट स्लॅश कॉन्फिगर. पुढे प्रत्येक पर्यायाआधी दोन डॅश.

प्रिफिक्स बरोबर स्लॅश ऑप्ट स्लॅश स्क्विड डॅश ६.१३. आवृत्तीचा आकडा फोल्डरच्या नावात मुद्दाम घेतलाय. पुढची आवृत्ती शेजारच्या फोल्डरात बसेल, जुनी तशीच राहील, आणि नवी बिघडली तर मिनिटभरात मागे येता येईल. काही न देता बांधलं तर सगळं युझर-लोकल-स्क्विडमध्ये जातं आणि नवी आवृत्ती जुनीच्या अंगावर बसते.

सिसकॉन्फडिर बरोबर स्लॅश ईटीसी स्लॅश स्क्विड डॅश लॅब. कॉन्फिगरेशन आवृत्तीच्या फोल्डरबाहेर हवं, कारण ते आवृत्ती बदलली तरी तेच राहणार. नुसतं 'स्क्विड' नाव देत नाही. उद्या कुणी डेबियनचं पॅकेज टाकलं तर ते त्याच फोल्डरात येऊन बसेल.

विथ डॅश लॉगडिर बरोबर स्लॅश व्हार स्लॅश लॉग स्लॅश स्क्विड डॅश लॅब. विथ डॅश स्वॅपडिर बरोबर स्लॅश व्हार स्लॅश स्पूल स्लॅश स्क्विड डॅश लॅब. नावात स्वॅप असलं तरी ही कॅशची जागा, मेमरीच्या स्वॅपशी संबंध नाही. विथ डॅश पिडफाइल बरोबर स्लॅश रन स्लॅश स्क्विड डॅश लॅब डॉट पिड.

विथ डॅश डीफॉल्ट डॅश युजर बरोबर प्रॉक्सी. हे न दिल्यास स्क्विड नोबडी या नावाने चालतो. डेबियनमध्ये प्रॉक्सी नावाचा युजर आधीपासून असतो, नवा करावा लागत नाही.

एनेबल डॅश डिले डॅश पूल्स. वेग वाटून देण्यासाठी. सोर्समध्ये हे आपोआप चालू नसतं, आणि विसरलात तर कॉन्फिगरेशनमधली डिलेची ओळ स्क्विड ओळखत नाही.

मग काढून टाकायच्या गोष्टी: डिसेबल डॅश ऑथ, डिसेबल डॅश ईएसआय, डिसेबल डॅश एसएनएमपी, डिसेबल डॅश डब्ल्यूसीसीपी, डिसेबल डॅश डब्ल्यूसीसीपीव्ही२, डिसेबल डॅश एचटीसीपी, विदाउट डॅश जीएनयूटीएलएस. गोफर ६ च्या मालिकेतून त्यांनीच काढलाय.

यात विथ डॅश ओपनएसएसएल नाही, ते जाणूनबुजून. ओपनएसएसएल घेतलं की एसएसएल-बम्प करता येतो, म्हणजे प्रत्येक मशीनवर आपलं प्रमाणपत्र बसवून एचटीटीपीएसचा बोगदा मधेच उघडून बघता येतो. मला हे करून द्या म्हणून संस्थांनी विचारलेलं आहे. मी करत नाही. त्याच मशीनवर शिक्षक बँकेचं काम करतात, पोरं आपापल्या मेलचा पासवर्ड टाकतात. तो एका जुन्या मशीनवर उघडा पडणार, आणि त्या मशीनचा रूट पासवर्ड कपाटाच्या दाराला चिकटवलेला असतो.

शेवटचा पर्याय डिसेबल डॅश आर्क डॅश नेटिव्ह. स्क्विड बांधताना तो ज्या प्रोसेसरवर बांधला जातोय त्याच्या खास सूचना वापरतो. मी बांधतो दुकानातल्या नव्या मशीनवर आणि पेनड्राइव्हवरून नेतो लॅबमधल्या जुन्या मशीनवर. हा पर्याय नसला तर तिथे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढंच बोलून स्क्विड मरतो, लॉगमध्ये एक ओळ सापडत नाही. ज्या मशीनवर बांधताय तिथेच चालवणार असाल तर याची गरज नाही. दोन्हीकडे डेबियनची आवृत्ती मात्र एकच ठेवा.

कॉन्फिगर संपला की शेवटच्या ओळी वाचा. अमुक लायब्ररी नाही, तमुक मदतनीस प्रोग्राम बांधणार नाही, असे इशारे चालतात. 'एरर' आला की थांबा, आणि कॉन्फिग डॉट लॉग फाइलीत मागून पुढे वाचत जा. कारण तिथे असतंच.

मेक

मेक डॅश जे, पुढे आकडा. हा आकडा प्रोसेसरच्या कोरवरून ठरवा असं सगळे सांगतात. मी मेमरीवरून ठरवतो. २ जीबीच्या मशीनवर डॅश जे ४ दिलं की सीसी१प्लस चारचार एकदम उठतात, मेमरी संपते आणि कर्नल त्यातल्या एकाला मारतो. स्क्रीनवर 'किल्ड' दिसतं. कोडमध्ये चूक नसते. जुन्या मशीनवर सरळ डॅश जे १ द्या, नाहीतर आधी २ जीबीची स्वॅप फाइल करा. दोन कोरच्या जुन्या मशीनवर तास सहज जातो. एसएसएचवरून करत असाल तर टीमक्सच्या आत करा, म्हणजे लाइन तुटली तरी काम चालू राहतं.

करंट गेला तर? आमच्याकडे हा प्रश्न पहिला येतो. मेक पुन्हा चालवला की झालेल्या फाइली सोडून पुढचं काम उचलतो, सगळं पहिल्यापासून नाही. पण करंट जाताना जी ऑब्जेक्ट फाइल लिहिली जात होती ती अर्धवट किंवा रिकामी राहते. मेकला ती झालेली वाटते, आणि शेवटी जोडणीच्या वेळी लिंकर 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' किंवा 'ट्रंकेटेड' म्हणून अडतो. लिंकरने नाव घेतलेली ती डॉट ओ फाइल पुसा आणि मेक पुन्हा. फाइंड वापरून शून्य आकाराच्या डॉट ओ फाइली आधीच हुडकून काढल्या तर तेवढाही वेळ जात नाही. बाईंचा फोन येतो, "दादा, लाल अक्षरं येऊल्यात," तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो: मधे करंट गेला होता काय?

बसवणं

त्याच मशीनवर बसवायचं तर सुडो मेक इन्स्टॉल, संपलं.

दुसरीकडे न्यायचं असेल तर सुडो मेक इन्स्टॉल, पुढे मोठ्या अक्षरांत डेस्टडिर, बरोबर, आणि एका रिकाम्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. सगळं त्या फोल्डरात ऑप्ट, ईटीसी, व्हार अशा रचनेत जमा होतं. त्याचा टार करा, पेनड्राइव्हवर घ्या, आणि लॅबमध्ये मुळात, म्हणजे स्लॅशवर, उघडा.

एक धोका मात्र आहे. मेक इन्स्टॉल थेट चालवला तर आधीच्या स्क्विड डॉट कॉन्फला तो हात लावत नाही, नवी प्रत डॉट डीफॉल्ट नावाने शेजारी ठेवतो. पण डेस्टडिरच्या रिकाम्या फोल्डरात त्याला आधीची फाइल दिसणार कशी? तो नवी कोरी ठेवतो, आणि टार उघडताना ती तुमच्या घडवलेल्या फाइलीवर बसते. म्हणून पहिली वेळ सोडून दरवेळी टार करण्याआधी त्यातली स्क्विड डॉट कॉन्फ काढा.

मग एलएन डॅश एसएफएन वापरून स्लॅश ऑप्ट स्लॅश स्क्विड हा दुवा ६.१३ च्या फोल्डराकडे वळवा. लॉग आणि स्पूल ही दोन्ही फोल्डरं चोनने प्रॉक्सीच्या नावावर करा. हे राहिलं तर स्क्विड अ‍ॅक्सेस-लॉग लिहिता येत नाही म्हणून उठतच नाही. ऑप्ट-स्क्विडच्या एसबिनमधला स्क्विड डॅश व्ही देऊन बघा. आवृत्ती आणि बांधताना दिलेले सगळे पर्याय तो वाचून दाखवतो. माझ्यानंतर कुणी दुसरा लॅब बघायला आला तर त्याला मला फोन न करताही कळेल.

स्क्विड डॉट कॉन्फ

आलेली फाइल बरी असते, पण सढळ असते. लोकलनेट या नावाखाली खाजगी पत्त्यांचे सगळे पट्टे तिने आत घेतलेले असतात. त्या ओळी काढा आणि आपल्या लॅबच्या पत्त्यांच्या पट्ट्याची एक लिहा, आमची अशी: एसीएल लॅब एसआरसी १९२.१६८.१.०/२४. एसीएल म्हणजे नियमात वापरायला एखाद्या गटाला दिलेलं नाव. एचटीटीपी अंडरस्कोर अ‍ॅक्सेसच्या ओळींमध्येही लोकलनेटऐवजी लॅब करा. या ओळी वरून खाली वाचल्या जातात, जी पहिली जुळेल ती लागू, बाकीच्या बघितल्याच जात नाहीत. सगळ्यात खाली डिनाय ऑल राहिलंच पाहिजे. ते नसलं आणि राउटरवर पोर्ट उघडा असला तर जगातला कुणीही तुमच्या शाळेच्या नावाने फिरेल. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्येही ३१२८ फक्त त्याच पट्ट्याला उघडा.

वेळेचं बंधन हवं असेल तर एसीएलचा टाइम प्रकार आहे, उदाहरणार्थ मोठ्या अक्षरांत एमटीडब्ल्यूएचएफ, मग १०:००-१७:००. गुरुवारचं अक्षर एच आणि शनिवारचं ए, कारण टी मंगळवारने घेतलाय आणि एस रविवारने. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा, म्हणून ए साठी वेगळी ओळ, ८:०० पासून.

साइट बंद करायची तर डीएसटीडोमेन वापरा. नावाआधी टिंब दिलं की त्याखालची सगळी उपनावंही त्यात येतात. डिनाय अंडरस्कोर इन्फोने स्वतःचं पान दाखवता येतं. मी ते मराठी आणि कन्नड दोन्हीत केलंय, यूटीएफ-८ मध्ये साठवून प्रिफिक्सखालच्या शेअर-एरर्स-टेम्प्लेट्समध्ये ठेवलंय. ते पान दिसतं फक्त साध्या एचटीटीपी साइटवर. एचटीटीपीएसची साइट बंद होते तेव्हा ब्राउझर आपलंच रुक्ष वाक्य दाखवतो. ते बघून पोरं 'नेट गेलं' म्हणून ओरडतात, हे शिक्षकांना आधी सांगून ठेवा.

आता ज्यासाठी हा खटाटोप, ते कॅश. मॅक्सिमम अंडरस्कोर ऑब्जेक्ट अंडरस्कोर साइज मुळात ४ एमबी असतं, म्हणजे फायरफॉक्सची फाइल साठवलीच जाणार नाही. ते ५०० एमबी करा, आणि ही ओळ कॅश अंडरस्कोर डिरच्या वर लिहा. खाली लिहिली तर त्या कॅशला ती लागू होत नाही आणि तक्रारही येत नाही. कॅश-डिरची ओळ माझ्याकडे अशी: एयूएफएस, स्पूलचा पत्ता, १०००० १६ २५६. पहिला आकडा एमबीमध्ये, उरलेले दोन फोल्डरांच्या दोन पातळ्या. स्क्विडवाल्यांचा ठोकताळा असा की ६४ बिट मशीनवर डिस्कवरच्या दर जीबी कॅशमागे यादी ठेवायला १४ एमबी मेमरी धरावी. १० जीबीला १४० एमबी. कॅश-मेम मुळात २५६ एमबी असतो, तो वेगळा. २ जीबीच्या मशीनला एवढं पेलतं. हार्ड डिस्क ५०० जीबीची आहे म्हणून ४०० जीबी कॅश देणारे भेटलेत, त्यांनी हा गुणाकार करून बघावा.

रिफ्रेश अंडरस्कोर पॅटर्नमध्ये दोन ओळी घाला, आणि त्या आधीपासूनच्या टिंबवाल्या ओळीच्या वर, कारण इथेही पहिली जुळणारी जिंकते. डॉट डेबने संपणाऱ्या नावांना १२९६०० १००% १२९६००. हे मिनिटांत, म्हणजे ९० दिवस. पॅकेजच्या फाइलनावातच आवृत्ती असते, नवी आवृत्ती म्हणजे नवं नाव, म्हणून जुनी कितीही दिवस ठेवली तरी बिघडत नाही. दुसरी ओळ इनरिलीज, रिलीज आणि पॅकेजेस या सूचींसाठी, ० ०% ०. इनरिलीजचे आय आणि आर, रिलीजचा आर आणि पॅकेजेसचा पी मोठा. त्या दरवेळी विचारूनच घ्यायच्या. सूची शिळी राहिली की अ‍ॅप्ट हॅश जुळत नाही म्हणून रुसतो.

वेगाची वाटणी: डिले अंडरस्कोर पूल्स १, डिले अंडरस्कोर क्लास १ २, डिले अंडरस्कोर पॅरामीटर्स १ -१/-१ ६४०००/२०००००० . पहिली जोडी सगळ्यांची मिळून, -१ म्हणजे बंधन नाही. दुसरी जोडी प्रत्येक मशीनची: पहिले २० लाख बाइट पूर्ण वेगाने, मग सेकंदाला ६४००० बाइट. हे बाइट आहेत, बिट नाहीत. बिटांत ते ५१२ किलोबिट होतात. डोंगलवर असताना एवढं पुरतं. कॅशमधून मिळणाऱ्या फाइलींना हा लगाम लागत नाही, त्यामुळे अपडेट रखडत नाहीत. डिले अंडरस्कोर अ‍ॅक्सेसमध्ये ऑफिसचं मशीन आधी डिनाय करून वगळा, मग लॅबला अलाऊ. ऑफिसात एसएटीएसची, म्हणजे सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलची, माहिती भरणं चालू असतं, ते लॅबमुळे अडलं तर प्रॉक्सी त्याच दिवशी उपटला जाईल.

राहिली एक ओळ. शटडाउन अंडरस्कोर लाइफटाइम ५ सेकंड्स. मुळात ते ३० सेकंद असतं, स्क्विड बंद करताना तेवढा वेळ तो जोडलेल्यांची वाट बघतो, आणि माणसाला वाटतं अडकला.

पहिल्यांदा उठवताना

स्क्विड डॅश के पार्स. ओळ चुकली असेल तर क्रमांकासह सांगतो. मग स्क्विड, डॅश मोठा एन, डॅश झेड; कॅशची फोल्डरं तयार होतात. मग डॅश मोठा एन, डॅश डी १. तो समोरच चालू राहतो आणि बोलत राहतो. 'अ‍ॅक्सेप्टिंग एचटीटीपी सॉकेट कनेक्शन्स' दिसलं की दुसऱ्या मशीनवर जा.

तिथे अ‍ॅप्टसाठी ईटीसी-अ‍ॅप्टखालच्या अ‍ॅप्ट डॉट कॉन्फ डॉट डी मध्ये एक फाइल करा. तिच्यात एकच ओळ: अक्वायर, दोन कोलन, एचटीटीपी, दोन कोलन, प्रॉक्सी, मग अवतरणात प्रॉक्सीचा पूर्ण पत्ता पोर्टसकट, शेवटी अर्धविराम. अक्वायरचा ए आणि प्रॉक्सीचा पी मोठा. फायरफॉक्समध्ये नेटवर्क सेटिंग्जमधून मॅन्युअल प्रॉक्सी, आणि हाच प्रॉक्सी एचटीटीपीएसलाही वापरा या चौकटीत टिक.

एका मशीनवर अ‍ॅप्टने काहीतरी मोठं उतरवा, मग दुसऱ्यावर तेच. अ‍ॅक्सेस डॉट लॉगमध्ये पहिल्या वेळी टीसीपी-मिस आणि दुसऱ्या वेळी टीसीपी-हिट किंवा टीसीपी-मेम-हिट दिसायला हवं. टीसीपी-टनेल म्हणजे एचटीटीपीएसचा बोगदा. टीसीपी-डिनाइड नको तिथे दिसलं तर एसीएलचा क्रम बघा. डावीकडचा मोठा आकडा म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, बिघाड नव्हे. या लॉगमध्ये शिक्षकांचंही फिरणं नोंदतं, हे त्यांना सांगा आणि लॉग चाळायला कुणालाही देऊ नका. ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनमधून आठवड्याला स्क्विड डॅश के रोटेट लावलं की जुने लॉग आपोआप मागे सरकतात, मुळात असे १० ठेवले जातात. लॉगफाइल अंडरस्कोर रोटेट ४ केलं की महिनाभराचे उरतात.

नेहमीसाठी आणि पुढच्या आवृत्तीसाठी

कंट्रोल-सीने थांबवा आणि सिस्टमडीची, म्हणजे मशीन सुरू होताना प्रोग्राम उठवणाऱ्याची, एक छोटी सर्व्हिस फाइल लिहा. टाइप सिंपल, एक्झेकस्टार्टमध्ये ऑप्ट-स्क्विड-एसबिनमधला स्क्विड आणि डॅश डॅश फोरग्राउंड, आफ्टरमध्ये नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, रीस्टार्ट ऑन-फेल्युअर. टाइपचा टी, एक्झेकस्टार्टचे ई आणि एस, आफ्टरचा ए आणि रीस्टार्टचा आर मोठा. पत्ता दुव्याचा द्या, आवृत्तीच्या फोल्डरचा नको.

नवी आवृत्ती आली की बांध डॉट एसएचमधला आकडा बदला, बांधा, नव्या फोल्डरात बसवा. दुवा वळवण्याआधी नव्या फोल्डरातल्या स्क्विडला पूर्ण पत्त्याने हाक मारून डॅश के पार्स करून घ्या. कुठला पर्याय काढून टाकला असेल तर तिथेच कळतं, लॅब चालू असतानाच. मग दुवा नव्याकडे, सिस्टमसीटीएल रीस्टार्ट. नाही जमलं तर दुवा परत जुन्याकडे आणि पुन्हा रीस्टार्ट, पोरांना पत्ताही लागत नाही. जुनं फोल्डर लगेच पुसू नका. अपडेटची एक फेरी १२ ही मशीनवर पार पडून लॉगमध्ये हिट दिसले, की मग काढा.